कोकणातल्या प्राण्यांचं चित्रपुस्तक कसं करायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी वाटाड्या

मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टीचं चित्रपुस्तक करायचं मनात आहे आणि तुम्ही रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात राहता, तर तुमच्याकडे मोठं भांडवल आहे. मुलांच्या हाती पडणाऱ्या बहुतेक पुस्तकांत सिंह, जिराफ आणि पेंग्विन असतात. इथल्या मुलाच्या परसात मात्र मुंगूस असतं, खाडीत निवट्या नावाचे मासे उड्या मारतात आणि देवराईत धनेश ओरडतो. त्यांच्यावर लिहिलेली मराठी पुस्तकं फार थोडी आहेत आणि ती व्हायला हवीत. म्हणून कथा सुचण्यापासून छापील गठ्ठे घरी येईपर्यंत काय काय करावं लागतं आणि माणूस कुठे अडकतो, ते क्रमाने लिहितो आहे.

तयारीला फार काही लागत नाही. एक वही, मोबाइलचा कॅमेरा, साधे कोरे कागद, पेन्सिल आणि स्टेपलर. पुढे पानं लावायला संगणक आणि ते काम येणारं कुणीतरी. भरतीओहोटीचं वेळापत्रक जवळ ठेवा, ते पहिल्याच पायरीला लागेल.

१. आधी प्राणी बघा, शिकवण नंतर

बहुतेक जण उलटं करतात. "खोटं बोलू नये" हे आधी ठरवतात आणि मग त्यावर ससा किंवा कोल्हा चिकटवतात. अशा गोष्टीत सशाच्या जागी बोका घातला तरी काही बिघडत नाही, आणि मुलांना ते लगेच कळतं. शिकवण त्या प्राण्याच्या खऱ्या सवयीतून निघाली पाहिजे. सगळ्या पुस्तकाचं मर्म मला यातच दिसतं, म्हणून या पायरीवर वेळ घालवा.

उदाहरण म्हणून शंखात राहणारा खेकडा घेऊ. ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर जा आणि एखाद्या डबक्यापाशी हालचाल न करता बसून राहा. थोड्या वेळाने शंख चालायला लागतात. या खेकड्याचं पोट मऊ आणि वळलेलं असतं, त्याला स्वतःचं कवच नसतं, म्हणून तो मेलेल्या गोगलगाईच्या रिकाम्या शंखात राहतो. अंग वाढलं की शंख आखूड पडतो. नवा शंख दिसला की तो आधी मिशांनी आणि चिमट्यांनी चाचपतो, शंखाच्या तोंडात चिमटा घालून आतली जागा बघतो आणि पसंत पडला की क्षणात जुन्यातून निघून नव्यात शिरतो. काही जातींत याहून नवलाची गोष्ट दिसते. फार मोठा शंख सापडला तर छोटा खेकडा तो सोडून जात नाही, शेजारीच थांबतो. मग त्याहून मोठा येतो, त्याहूनही मोठा येतो. सगळ्यात मोठा त्या शंखात गेला की त्याच्या रिकाम्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा, असे सगळे एकेक घर पुढे सरकतात.

यात वाट बघणं आहे, आपलं जुनं मागच्याला देणं आहे, आणि मोठ्याचं भलं झालं की धाकट्याचंही होतं हेही आहे. तुम्हाला वरून काही घालावं लागत नाही. शिवाय ही गोष्ट ऐकलेलं मूल किनाऱ्यावरचे शंख पिशवी भरून घरी नेताना दोनदा विचार करेल.

असे आणखी प्राणी आहेत. निवटी पाण्यातही राहते आणि चिखलावरही. कातडी ओली असेपर्यंत ती बाहेर श्वास घेऊ शकते. आईबाबा मुंबईत आणि आजी गावात अशा चाकरमान्याच्या घरातल्या मुलासाठी दोन्हीकडे घर असण्याची गोष्ट हिच्याइतकी कोण सांगेल? धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला आणि पिल्लांना फळं भरवत राहतो. खवले मांजर भ्यालं की अंगाचा गोळा करतं आणि त्याचं एकुलतं पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं. घाबरणं ही लाजेची बाब नाही, हे त्याच्याकडून शिकावं.

२. प्राण्यावर खोटं लादू नका

प्राणी बोलतात, रडतात, डबा घेऊन शाळेत जातात, हे सगळं चालतं. गोष्ट आहे ती. पण प्राण्याच्या जगण्याचा पायाच खोटा झाला तर इथली मुलं पुस्तक बाजूला ठेवतात.

कासव घ्या. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आता दापोलीच्या आंजर्ल्यासह किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत हे काम चालतं. मादी रात्री येते, वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात आणि तिची त्यांची भेट होत नाही. तरीही "कासवीण आई किनाऱ्यावर पिल्लांची वाट बघत होती" असं लिहिलेलं सर्रास सापडतं. वेळासमधलं पहिलीतलं मूलसुद्धा यावर हसेल. खरी गोष्ट त्याहून चांगली आहे: वाळूखाली पिल्लं एकत्र हातपाय मारतात, त्यामुळे वरची वाळू ढासळत जाते आणि सगळी मिळून वर येतात. वर आल्यावर ती उजेडाकडे धावतात, म्हणून किनाऱ्यावरचे दिवे त्यांना चुकीच्या वाटेला नेतात. मग एखाद्या घरातली मुलगी अंगणातला दिवा बंद करते. झाली गोष्ट.

आणखी दोन जागी सांभाळा.

कोल्हा लबाड, घुबड अशुभ, साप सूड घेणारा, हे ठरीव साचे टाळा. कांदळवनातला कोल्हा खेकडे पकडून खातो, घुबड भातशेतीतले उंदीर मारतं. वाडीवर घुबड दिसलं की दगड मारणारी मुलं मी पाहिली आहेत. तो धडा त्यांना कुठल्या ना कुठल्या गोष्टीतूनच मिळालेला असतो.

दुसरं, सुरक्षितता. कोकणात फुरसं आहे, नाग आहे, मण्यार आहे. तुमच्या पुस्तकातला मुलगा सापाला हातात घेऊन दोस्ती करत असेल, तर ते चित्र बघणारं चार वर्षांचं पोर काय करेल याचा विचार करा. दोस्ती लांबूनही दाखवता येते. कासवाची पिल्लं हातात धरून फोटो काढणारं किंवा बादलीत पाळणारं मूलही दाखवू नका. ऑलिव्ह रिडले आणि खवले मांजर दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत.

३. गोष्ट पानांत मोडा

मधे पिना मारलेल्या पुस्तकाची पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. पहिल्या पुस्तकाला मुखपृष्ठ सोडून २४ पृष्ठं पुरतात. पहिलं शीर्षकाचं, दुसऱ्या-तिसऱ्यावर श्रेयनामावली आणि अर्पण, ४ ते २३ म्हणजे समोरासमोरची दहा जोडपानं गोष्टीला, आणि चोविसावर त्या प्राण्याची खरी माहिती. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी एका जोडपानावर तीस-चाळीस शब्दांच्या वर जाऊ नका.

कोरे कागद दुमडून, पिन मारून एक कच्चं पुस्तक बनवा. रेघोट्यांची चित्रं चालतील. आपल्या खेकड्याला चिंगू म्हणू. पहिल्या जोडपानावर चिंगू शंखात अडकलाय. दुसऱ्यावर बाटलीचं झाकण घालून बघतो, पाठ उघडी पडते. तिसऱ्यावर एक सुंदर शंख सापडतो, पण आतून कुणीतरी चिमटा दाखवतं. चौथ्यावर लाट एक भलामोठा शंख आणून टाकते. चिंगू आत जातो आणि हरवतोच, इतकी जागा! पाच, सहा, सात: तो शेजारी बसून राहतो, एकेक खेकडा येऊन थांबतो, रांग वाढत जाते. आठवं जोडपान शब्दांविना ठेवा, सगळे एकाच वेळी घरं बदलताना. नवव्यावर चिंगू नव्या घरात. दहाव्यावर त्याच्या जुन्या शंखात एक चिमुकला खेकडा शिरतो.

कुणीही "म्हणून धीर धरावा" म्हणालं नाही. म्हणू देऊ नका. शेवटच्या पानावर चौकट करून तात्पर्य छापायचा मोह प्रत्येकाला होतो. ते छापलं की मूल पुढच्या वेळेपासून थेट चौकट वाचतं आणि गोष्ट त्याच्यापुरती संपते.

पान उलटण्याच्या जागा नीट निवडा. "आतून कुणीतरी..." इथे उजवं पान संपलं पाहिजे. ही कला शिकायला लांब जायला नको. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सुट्या कागदांवरची रंगीत चित्रं एकामागून एक समोर धरत, गात कथा सांगायची ही जुनी परंपरा जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पुढचं चित्र कधी वर काढायचं आणि तोवर बघणाऱ्याला कसं धरून ठेवायचं, हे तिथे जाऊन बघा. मात्र ती शैली उचलून आपल्या पुस्तकात वापरू नका. तशी चित्रं हवी असतील तर तिथल्या चित्रकारांनाच काम आणि योग्य मोबदला द्या.

४. भाषा कुठली?

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. सिंधुदुर्गातला खेकडा "खंय चललंस?" विचारतो तेव्हा वर्गातली शांत मुलंही तोंड उघडतात. बोली फक्त विनोदी किंवा अडाणी पात्राच्या तोंडी घालू नका. शहाणी म्हातारी कुर्लीही (खेकडीही) मालवणी बोलू दे. बोलीतले संवाद त्या गावातल्या माणसाकडून वाचून घ्या, कारण मालवणी आणि संगमेश्वरी यांत बराच फरक आहे.

जुन्या लोककथेवरून किंवा पंचतंत्रातून गोष्ट घेत असाल तर मूळ कथा सर्वांची आहे, पण कुणा आधुनिक लेखकाने केलेलं तिचं पुनर्लेखन त्याचं आहे. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो.

५. मुलांसमोर वाचा

कच्चं पुस्तक घेऊन अंगणवाडीत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना आधी भेटून परवानगी घ्या. मधल्या सुट्टीआधीची वेळ मागू नका, मुलांचं लक्ष खिचडीकडे असतं. मुलांचे फोटो काढायचे असतील तर पालकांना विचारल्याशिवाय काढू नका.

वाचताना स्वतः शब्दांकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघा. कुठे चुळबुळ सुरू झाली त्या पानावर खूण करा. कुठे "मगे?" (मग काय झालं?) आलं तिथेही करा. वाचून झाल्यावर "यातून काय शिकलात?" असं विचारू नका, सगळी एका सुरात गुरुजींना हवं ते उत्तर देतील. "तू चिंगूच्या जागी असतास तर?" असं विचारा. "मी त्या मोठ्या शंखात सगळ्यांना घेतलं असतं" असं एखादं मूल म्हणालं तर समजा, गोष्ट पोचली.

नंतर पुस्तक बाईंच्या हाती द्या आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. दुसऱ्याच्या वाचनात जिथे जीभ अडखळते ती वाक्यं बदलावी लागतात. लेखकाच्या तोंडून सगळंच गोड लागतं.

६. चित्रकार आणि करार

चित्रं स्वतः काढत नसाल तर चित्रकाराला तुमचे फोटो, शक्य असेल तर तो किनाराही दाखवा. न पाहता काढलेल्या चित्रांत ठरावीक चुका होतात. शंखातल्या खेकड्याचे चिमट्यांसकट सहाच पाय बाहेर दिसतात, मागचे चार लहान असून शंखातच राहतात. समुद्री कासवाला डोकं कवचात ओढून घेता येत नाही, त्यामुळे घाबरून डोकं आत घेणारं ऑलिव्ह रिडले चुकीचं. त्याची पिल्लंही हिरवी नसतात, काळसर राखाडी असतात. संगणकाने बनवलेली चित्रं वापरणार असाल तर हे सगळं आणखी डोळ्यांत तेल घालून तपासावं लागतं. मी तरी माणसाच्या हातच्याच चित्रांचा आग्रह धरेन.

करार लेखी करा, मैत्रीत असलात तरी. त्यात पुढच्या गोष्टी हव्यात:

– मानधन किती, कधी, किती हप्त्यांत. की विक्रीवर रॉयल्टी
– किती वेळा बदल करून मिळतील
– मूळ चित्रं कुणाकडे राहतील
– चित्रांचे हक्क कुणाला, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी

शेवटच्या मुद्द्यावर फार जण फसतात. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्क लेखी स्वरूपातच देता येतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दहा वर्षांनी पुनर्मुद्रण करायला निघाल तेव्हा हा कागद लागेल.

७. अक्षरं आणि पानांची मांडणी

युनिकोड फाँट घ्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी अक्षरं तशीच दिसतात. 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत आहेत आणि छपाईलाही वापरता येतात. लहान मुलांसाठी अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली आहे ना, ते बघा, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि नुकतंच वाचायला लागलेलं मूल गोंधळतं. आणखी एक सोपी चाचणी: "किनाऱ्यावर" हा शब्द छापून बघा. कोकणच्या पुस्तकात तो येणारच, आणि त्यातला ऱ्या जिथे फुटतो तिथे फाइल बनवण्यात गडबड आहे.

चित्रं ३०० डीपीआयची (एका इंचात ३०० ठिपके), सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, आणि कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारा जास्तीचा भाग ठेवून. पडद्यावर समुद्राचा जो झगझगीत निळा-हिरवा दिसतो तो कागदावर मंद होतो. म्हणून समुद्राचं पान असलेला रंगीत नमुना छापून हातात घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

८. आयएसबीएन आणि कागदपत्रं

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. स्वतः प्रकाशित करणाऱ्यालाही तो मिळतो आणि भारतात तो मोफत आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. जवळ हे ठेवा:

– ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, स्कॅन केलेले
– मुखपृष्ठ आणि शीर्षकपृष्ठाची फाइल
– नाव, पृष्ठसंख्या, भाषा, अपेक्षित किंमत, प्रकाशनाचा महिना
– चालू असलेला ईमेल आणि मोबाइल

ओळखपत्रावरचं आणि पुस्तकावरचं नाव जुळू द्या. नंबर काढून देतो म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. मालवणी आवृत्ती वेगळी काढलीत तर तिला वेगळा नंबर लागतो. तेच पुस्तक जसंच्या तसं पुन्हा छापलंत तर जुनाच चालतो. छपाईआधी नंबर हातात हवा, म्हणून अर्ज चित्रं संपायच्या सुमारास करा.

९. छपाई, आणि आपला पावसाळा

काही शे प्रती हव्या असतील तर डिजिटल (फाइलवरून थेट छपाई), हजाराच्या पुढे ऑफसेट (धातूच्या प्लेट बनवून छपाई) परवडते, कारण ऑफसेटचा प्लेटचा खर्च शंभर छापा की हजार, तेवढाच असतो. कोटेशन किमान तिघांकडून, एकाच तपशिलावर घ्या: आकार, पृष्ठसंख्या, आतला कागद १३० जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आर्ट, मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम आर्टकार्ड, चार रंग, सेंटर पिन, लॅमिनेशन, गाडीभाडं. छापील पुस्तकांना, मुलांच्या चित्रपुस्तकांनाही, जीएसटी नाही. छपाईच्या कामावर मात्र लागू शकतो, तेव्हा "करासकट किती?" असं स्पष्ट विचारा.

आता आपल्याकडची खास अडचण. मुखपृष्ठाला फक्त बाहेरून लॅमिनेशन असतं. दमट हवेत आतला उघडा कागद ओल पितो आणि सगळी मुखपृष्ठं वळून उभी राहतात. पिना गंजतात आणि मधल्या पानावर तपकिरी डाग पडतो. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये गठ्ठे घरी येतील असं वेळापत्रक आखू नका. दिवाळीनंतर छापलंत तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कासव महोत्सवासाठी येणाऱ्या पाहुण्यांपर्यंतही पोचता येतं. प्रेसला न गंजणाऱ्या पिना मिळतील का विचारा. घरी गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते.

१०. पुस्तक मुलांपर्यंत

गावोगावची वाचनालयं, होमस्टे, एसटी स्टँडजवळची वह्यापुस्तकांची दुकानं, गणपतीला गावी आलेले चाकरमानी, हे तुमचे पहिले ग्राहक. शाळांसाठी केंद्रप्रमुखांना भेटा. विक्रीपेक्षा "शनिवारी येऊन गोष्ट वाचतो" असं म्हणत गेलात तर दारं लवकर उघडतात. दुकानदाराला प्रती ठेवायला दिल्यात तर चलनावर सही घ्या आणि दर तिमाहीला हिशेब करा.

स्वतः छापणं झेपणारं नसेल तर मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकांकडे संहिता पाठवा, किंवा बालभारतीच्या 'किशोर' मासिकाला कथा पाठवून बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मुक्त परवान्याखाली पुस्तक सगळ्यांना वाचायला ठेवता येतं. मात्र त्या परवान्यात इतरांना ते वापरायची, बदलायची, अगदी विकायचीही मुभा असते, हे कळून मगच करा, आणि चित्रकाराची लेखी संमती घ्या.

प्रकाशक म्हणून एक कर्तव्य राहतं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत कायद्यात सांगितलेल्या इतर तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. या चार प्रती गठ्ठा फोडल्याबरोबर बाजूला काढा. पाचवी प्रत, ज्या अंगणवाडीत तुम्ही कच्चं पुस्तक वाचलंत, तिथल्या ताईंना द्या.